एक जूनची डबी

गुरुवारी सकाळी साडेनऊला रत्नाबाई वासनिकांनी ओट्यावर पांढरी कागदी पिशवी उपडी केली आणि त्यांनी विकत न घेतलेली एक डबी तिच्यातून बाहेर पडली. पेपरमिंटच्या गोळ्यांची असते तेवढीच डबी, वर रिबनीचं चित्र, आत औषधी गांजाच्या पाच गोळ्या. पावतीवर तिच्यापुढे किंमत नव्हती. रत्नाबाईंनी चष्मा पुसून पावती दोनदा वाचली आणि वरच्या मजल्यावर घरूनच ऑफिस करणाऱ्या मुलाला हाक मारली.

"अनुप, खाली ये. मला लाच मिळाली आहे."

अनुपचा माइक चालू होता. मीटिंगमधल्या अकरा जणांपैकी दोघांना मराठी येत होतं, आणि त्या दोघांनी लगेच आपापले कॅमेरे बंद केले.

आता ज्यांना रत्नाबाई ठाऊक नाहीत त्यांना ही हाक वेडेपणाची वाटेल. म्हणून सांगतो. बाई नागपुरात एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होत्या. तपासणीला गेल्या की दुकानातलं पाणीही पीत नसत. नागपूरचा मे महिना आणि खांद्यावर स्वतःची बाटली. एका किराणावाल्याने एकदा बळेच सरबत पुढे केलं, तर बाईंनी ते मापात ओतून बघितलं आणि माप कमी भरलं म्हणून त्याच मापाचा खटला केला. निवृत्त झाल्यावर मुलाकडे ॲरिझोनात, चँडलरला आल्या. पुढे इथल्या नागरिक झाल्या, आणि त्यांच्यामागोमाग गुडघेही निवृत्त झाले. डॉक्टरांनी सगळं करून बघितलं आणि शेवटी औषधी गांजाच्या कार्डासाठी सही दिली. पहिल्या खरेदीची पुडी घरी आणून बाईंनी सवयीने काट्यावर ठेवली. वर लिहिलं होतं साडेतीन ग्रॅम, भरले तीन पूर्णांक एक. झालं, अंगातलं खातं जागं झालं.

तेव्हापासून दर महिन्याला त्यांचा तपासणी अहवाल निघतो. मजकूर मराठीत त्यांचा, इंग्रजी त्यांची नात आन्या करते आणि ईमेलने पाठवते. पाच गोष्टींना दहा-दहा गुण: वजन बरोबर आहे का, प्रयोगशाळेचा कागद दाखवतात का, प्रश्नाला सरळ उत्तर देतात का, महागाचं गळ्यात मारतात का, आणि म्हाताऱ्या माणसाला बसायला खुर्ची आहे का. चार म्हाताऱ्यांसाठी सुरू झालेला अहवाल आता चारशे लोक वाचत होते, त्यात तीनशे तरी गोरे आणि मेक्सिकन.

खर्च सगळा बाईंचा. गोधड्या शिवून विकायच्या आणि त्या पैशात नमुने घ्यायचे. एका दुकानाने जाहिरात देऊ केली, दुसऱ्याने जन्मभराची सूट, आणि तीन पूर्णांक एकवाल्याने वकिलाचं पत्र. बाईंनी तिन्ही अहवालात छापली. वेष बदलून जायचा प्रयत्नही झाला होता. अनुपची टोपी, सुनेचा, मोनालीचा, गॉगल. पण या दुकानांत कार्ड दाखवल्याशिवाय दार उघडत नाही, तेव्हा पहारेकरी कार्ड बघून म्हणाला, "गुड मॉर्निंग, रत्ना."

घरच्यांची तऱ्हा वेगळीच. मोनालीची सिटिझनशिपची मुलाखत अजून व्हायची होती, आणि केंद्राच्या कायद्यात गांजा अजून गुन्हाच आहे, त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका असं वकिलाने बजावलं होतं, म्हणून सून सासूच्या त्या कुलपातल्या कपाटाकडे बघायचीसुद्धा नाही. अनुपच्या कंपनीत कर्मचाऱ्यांच्या नशेच्या तपासण्या होत. तो आईला दुकानापर्यंत ड्राइव्ह करून नेई आणि काचा बंद करून गाडीत बसून राही.

ही डबी ज्या दुकानातून आली त्याचं दार पिवळं होतं आणि बाईंच्या वहीत त्याला पन्नासपैकी सत्तेचाळीस गुण होते. इतके आजवर कोणाला पडले नव्हते. शनिवारी अहवाल निघायचा होता आणि त्या अहवालाची वाट बघत एक माणूस उपाशी बसला होता.

तो माणूस म्हणजे मोरेश्वर केतकर. मूळचे पुण्याचे, निवृत्त इंजिनिअर, एकटे. कॅन्सरचे उपचार हिवाळ्यात संपले, रोग गेला, पण जाताना भूक घेऊन गेला. पाच महिने त्यांना अन्न नको झालं होतं. दूर बेलव्ह्यूला राहणारी त्यांची मुलगी दिवसातून तीनदा फोन करून काय खाल्लंत विचारायची आणि हे खोटं सांगायचे. डॉक्टरांनी कार्ड काढून दिलं होतं, तेही खिशात तसंच. "आयुष्यात सुपारी खाल्ली नाही मी," ते रत्नाबाईंना म्हणाले होते, "तुमच्या अहवालात पहिला येईल त्या दुकानात जाईन. नाही तर नाही."

"आई, ही बर्थडे गिफ्ट आहे," पावती बघून अनुप म्हणाला. "जून लागला ना. कम्प्युटर आपोआप टाकतो. सगळ्यांनाच देतात."

"सगळ्यांनाच मिळते, असं प्रत्येक लाच घेणारा म्हणतो. हसून काय राहिलास? गाडी काढ."

पिवळ्या दाराच्या दुकानाची मॅनेजर डोलोरेस पन्नाशीची, चँडलरमध्येच जन्मलेली आणि कायद्याला धरून चालणारी. तिने नम्रपणे सांगितलं की एकदा दाराबाहेर गेलेला माल परत घेता येत नाही, सरकारी नियम आहे. बरं, मग पैसे घ्या, रत्नाबाई म्हणाल्या. तेही जमेना, कारण डबीला किंमतच नव्हती आणि किंमत नसलेली वस्तू मशीन विकत नव्हतं. मग फेकून द्या, असं मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी सुचवलं. पुरावा नष्ट करायचा का, असं बाईंनी त्यांना विचारलं, आणि आजोबा मुकाट्याने खुर्चीवर जाऊन बसले.

इथवर सगळं ठीक होतं. पण प्रामाणिक माणसाला थांबावं कुठे ते कळत नाही.

"शिवाय ही भेट माझ्या नावाने आलीच कशी?" रत्नाबाई म्हणाल्या. "एक जूनला माझा वाढदिवस नाही."

डोलोरेसचा हात मशीनवरच थांबला. "म्हणजे कार्डावरची तारीख खोटी आहे?"

"खोटी नाही. शाळेची आहे."

मग बाईंनी समजावून सांगितलं. मुलं नाव घालायला आली की त्या वेळचे मास्तर वय अंदाजाने धरत आणि सरसकट एक जून लिहून मोकळे होत. त्यांची आई सांगायची, दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली तेव्हा तू पोटात होतीस, पंधरा दिवसांनी झालीस. म्हणजे ऑक्टोबरची अखेर. तारीख कोणी लिहून ठेवली? घरात लिहिता येणारं तेव्हा कोणी नव्हतं. शाळेत गेलेली पहिली मीच.

डोलोरेसने ते मनापासून ऐकलं. दुकानात एक जूनला जन्मलेले पाच भारतीय पेशंट होते, आणि त्या दिवशी भारतात काही तरी विशेष असतं असं तिला इतके दिवस वाटत होतं, हेही तिने कबूल केलं. पण नियम नियम होता. पेशंटने स्वतःच्या तोंडाने कार्डावरची तारीख आपली नाही म्हटल्यावर तिला वरच्या ऑफिसला विचारणं भाग होतं, आणि उत्तर येईपर्यंत रत्नाबाईंना दुकानात घेता येणार नव्हतं. तिने फार वाईट वाटून त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

गाडीत बसल्यावर अनुपने एसी लावला. मग म्हणाला, "आई, आजवर रिव्ह्यूअरला दुकानं बॅन करतात हे ऐकलं होतं. तू यार स्वतःच स्वतःला करून घेतलंस." डबी बाईंच्या मांडीवर तशीच होती.

शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरात डबीचा पंचनामा झाला. बाईंना दुसरी रीत ठाऊकच नव्हती. डबी पाकिटात घातली, पाकीट चिकटपट्टीने बंद केलं, आता दोन पंच सह्यांना हवेत. आन्याने हात वर केला, पण पंच सज्ञान लागतो म्हणून तिला बाद करण्यात आलं. "धिस फॅमिली इज सो वीअर्ड," असं म्हणून तिने व्हिडिओ मात्र काढला. अनुपने पाकिटाला हात न लावता, एका बोटाने कागद धरून सही केली. दुसरे पंच मोरेश्वरराव. कपडे अंगावर लोंबत होते, पण शर्टाला इस्त्री होती.

एक जूनची हकिगत ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी जरा तेज आलं. दुसऱ्याची चूक दाखवायला मिळाली की त्यांना बरं वाटे. "हे आमच्याकडे चाललं नसतं रत्नाबाई. माझी पत्रिका आहे. सोळा ऑगस्ट, पहाटे चार वाजून बावीस मिनिटं. वाटेल तशी तारीख ठोकायची म्हणजे काय? तुमचे मास्तर धन्य."

रत्नाबाईंनी ते ऐकून घेतलं. आपल्या जन्माची मिनिटं कोणी मोजली नाहीत याचं त्यांना आजवर कधी वाईट वाटलं नव्हतं, या क्षणी थोडं वाटलं. सही झाल्यावर त्यांनी सांगितलं की पिवळ्या दाराला आता गुण मिळणार नाहीत. ज्याच्याकडून वस्तू घेतली त्याला गुण देण्याचा अधिकार आपल्याला उरला नाही.

मोरेश्वररावांनी पेनाचं टोपण लावलं. "मग मी कुठे जाऊ?"

बाईंनी वहीची पानं उलटली. बाकीची दुकानं पस्तिशीच्या खाली होती आणि त्यांतल्या एकाचं नाव या माणसाला सांगायला त्यांची जीभ रेटेना. ते गेल्यावर त्या दुपारभर लिहीत बसल्या. सत्तेचाळीस आकडा त्यांनी एकदा लिहून खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. एका डबीसाठी आजारी माणसाला अडवून ठेवायचं हा कसला न्याय, असंही मनात आलं. पण आज आकडा लिहिला तर उद्या कुठल्याच आकड्यावर कोणी विश्वास का ठेवावा? शेवटी त्यांनी गुणांची जागा कोरी सोडली आणि डबी, मशीन, एक जून, बंदी, सगळं जसं घडलं तसं अहवालात लिहून टाकलं. आन्याने इंग्रजी करताना आजीकडे दोनदा बघितलं आणि एक शब्दही गाळला नाही.

शनिवारी सकाळी सात वाजता मोरेश्वररावांचा फोन.

"वाचला अहवाल. मला पिवळ्या दाराला न्या."

"अहो, त्यांना गुण नाहीत."

"गुण घेऊन काय करायचेत? जे दुकान नियमासाठी गुण देणाऱ्या बाईलाच बाहेर काढतं, ते मला कशाला फसवेल? साडेनऊला तयार राहतो."

रत्नाबाईंनी कपाटातून लॅमिनेट केलेला शाळा सोडल्याचा दाखला घेतला, न जाणो लागला तर. पण तो लागला नाही. वरच्या ऑफिसचं उत्तर आलं होतं: कार्डावर जी तारीख तीच पेशंटची तारीख, बाकी पेशंट आणि तिची आई बघून घेतील. डोलोरेसने अहवाल वाचला होता. तिने नुसता हात पुढे केला, आणि रत्नाबाईंनी तो हातात घेतला. हात मिळवणं ही भेटवस्तू होत नाही, असं त्यांनी मनात ठरवलं.

मोरेश्वररावांनी प्रयोगशाळेचा कागद मागितला, तो मिळाला. सहा प्रश्न विचारले, सहांची उत्तरं मिळाली. डोलोरेसने सगळ्यात कमी ताकदीची आणि सगळ्यात स्वस्त डबी काढून दिली. कार्ड मशीनला लावलं. मशीन वाजलं. डोलोरेसने खालच्या खणातून रिबनीचं चित्र असलेली दुसरी इवलीशी डबी काढून काउंटरवर ठेवली.

"हॅपी बर्थडे, मिस्टर केतकर."

रत्नाबाईंनी डबीकडे बघितलं, मग मोरेश्वररावांकडे. ते छताकडे बघत होते.

"सोळा ऑगस्ट ना?" बाईंनी विचारलं. "चार वाजून बावीस मिनिटं?"

"जन्म तेव्हाचाच आहे," मोरेश्वरराव हळूच म्हणाले. "शाळेत घालायला अडीच महिने कमी पडत होते. वडिलांना घाई. मास्तर म्हणाले, लिहा एक जून."

"मास्तर कुठले?"

"पुण्याचे."

रत्नाबाईंनी नुसती मान डोलावली. तेवढ्याने मोरेश्वररावांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग असं की काउंटर धरावं लागलं. डोलोरेसने धावत खुर्ची आणली. खुर्चीत बसून ते डोळे पुसत हसत राहिले, आणि बाईही पदर तोंडाला लावून हसल्या. मागच्या रांगेतले लोक गोळ्या न घेताच याला काय झालं म्हणून बघत होते.

हसू ओसरल्यावर मोरेश्वररावांनी पोटावर हात ठेवला आणि विचारात पडल्यासारखे थांबले. "रत्नाबाई," ते नागपुरी सुरात म्हणाले, "मले भूक लागून राहिली."

गाडीत अनुपसाठी म्हणून आणलेला डबा होता. भाकरी, झुणका, ठेचा. बाहेर एकशे आठ डिग्री फॅरनहाइट ऊन होतं, आत एसी चालू, आणि मोरेश्वररावांनी पुढच्या सीटवर बसून दीड भाकरी खाल्ली. अनुपने सीटवर सांडलेल्या झुणक्याकडे दुर्लक्ष केलं. मग मोरेश्वररावांनी स्वतःहून बेलव्ह्यूला फोन लावला आणि मुलीला काय खाल्लं ते खरं खरं सांगितलं. गोळ्यांच्या दोन्ही डब्या त्यांच्या खिशात होत्या, सील न फोडलेल्या.

जुलैच्या अहवालात पिवळ्या दाराच्या गुणांची जागा पुन्हा कोरी होती. खाली रत्नाबाईंनी लिहिलं होतं:

"श्री. केतकर यांना पाच महिन्यांनी भूक लागली. आता ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळी घेतात व रोज जेवतात. परंतु पहिली भूक डबी उघडण्यापूर्वीच लागली होती, सबब तिचे श्रेय दुकानास देता येत नाही. खुर्ची मात्र वेळेवर आणली, एवढे नमूद करते."