मरणाच्या एका दृश्याला मिळालेली मंजुरी

युद्धं दोन प्रकारची असतात. एक, जी लढली जातात. आणि दुसरी, जी नंतर खुर्चीत बसून तपासली जातात. पहिल्या प्रकारचं युद्ध कधी ना कधी संपतं. दुसऱ्याला तशी काही अट नसते.

त्या रविवारीही दुपारची जेवणं आटोपल्यावर तपासणी रीतसर सुरू झाली. स्थळ नेहमीचंच: तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची. तिथे बाबा आणि त्यांची लेक राहत. (आई लेक शाळेत असतानाच गेली. युद्धपटांबद्दल तिचं मत विचारायचं राहून गेलं.) लेक एका छापखान्यात मुद्रितं तपासायची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याबद्दल तिला पगार मिळे. बाबा तेच काम निवृत्तीनंतर फुकट करत, आणि फुकटच्या कामात माणूस जास्त कडक होतो हे जगजाहीर आहे.

युद्धपट परीक्षण समिती चार जणांची होती. बाबा सैन्यात बिनतारी यंत्रावर होते, म्हणून बाकीचे तिघे त्यांना ‘बिनतारी’ म्हणत. तोफवाले काका आपल्या श्रवणशक्तीचा मोठा भाग तोफखान्यात जमा करून आले होते, त्यामुळे टीव्हीचा आवाज किती ठेवायचा हे तेच ठरवत आणि ते शेजारच्या इमारतीलाही मान्य करावं लागे. गाडीवाले काका रसदीच्या ट्रकवर होते. आचारीकाकांनी अख्ख्या तुकडीला जेवू घातलं होतं, आणि त्यातले बरेच जण अजून हयात आहेत, याला ते आपलं प्रशस्तिपत्र मानत.

समितीचा एकच नियम होता: ज्याने त्याने आपापल्या खात्यापुरतं बोलावं. चिखलात चाकाच्या आसापर्यंत रुतलेला ट्रक नायकाने खांदा लावताच बाहेर आला, की गाडीवाले काका चष्मा काढून पुसत. त्यांना तो ट्रक आपला वैयक्तिक अपमान करतोय असं वाटे. आचारीकाकांची हरकत अधिक मूलभूत होती. पडद्यावर सबंध पलटण दिवसेंदिवस लढते आणि कुणी एक घाससुद्धा खात नाही. शेवटी ती हरली की ते समाधानाने मान डोलवत. “हरणारच. उपाशी पोटी काय जिंकताय?” तोफवाले काकांचं म्हणणं असं, की तोफ धडाडल्यावर शेजारी उभी असलेली माणसं हळू आवाजात एकमेकांना प्रेमपत्रं वाचून दाखवतात, हे शक्य नाही. युद्धपट खरा असेल, तर त्यात ‘काय?’ एवढा एकच संवाद पाहिजे.

बाबांचं खातं संदेशवहनाचं. पडद्यावरचा अधिकारी यंत्रात तोंड घालून ‘ओव्हर अँड आऊट’ म्हणाला, की बाबा हात वर करत आणि चित्रपट थांबवला जाई. ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तू बोल. आऊट म्हणजे माझं झालं, आता तूही बोलू नकोस. “हे दोन्ही एका दमात म्हणणारा,” बाबा म्हणत, “एक तर नट, नाहीतर नवरा.” हा विनोद ते दर वेळी करत आणि समिती दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसे. शिस्त म्हणतात ती हीच.

निकालाच्या तीन श्रेणी होत्या: ‘बघवत नाही’, ‘बघितला’ आणि ‘चालेल’. ‘चालेल’ अद्याप कुठल्याच चित्रपटाला मिळालं नव्हतं. त्याचं कारण मरणाची दृश्यं. मरण हा विषय कुठल्याही एका खात्याकडे नसल्याने सामायिक होता, पण त्यावर शेवटचा शब्द बाबांचा. समितीच्या ढोबळ अनुमानानुसार, चित्रपटात साधा शिपाई चटकन मरतो, हवालदाराला एक वाक्य मिळतं, अधिकाऱ्याला एक परिच्छेद. आणि नायकाचा जिवलग मित्र आई, गाव, ठरलेलं लग्न आणि देश या चारही विषयांवर बोलून होईपर्यंत गोळी शरीरात खोळंबून राहते. अशा प्रत्येक मित्राला बाबा एका वाक्यात निकालात काढत. “मरणारा बोलत नाही.” बाकीचे तिघे मान हलवत. इतक्या अनुभवी माणसांनी मान हलवल्यावर लेकीलाही मरण हा आपल्या घरात पक्का समजलेला विषय आहे असं वाटे.

त्या रविवारच्या चित्रपटातही मित्राला गोळी लागली. नायकाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मित्राने आईपासून सुरुवात केली. समिती बाबांच्या वाक्याची वाट पाहू लागली. आई झाली, गाव झालं, मित्र लग्नावर आला तरी वाक्य येईना.

“काय हो बिनतारी,” गाडीवाले काकांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं, “आज मंजूर?”

उत्तर नाही. आणि कुठल्याही समितीत गप्प बसणं म्हणजे संमती, हे लिहून ठेवावं लागत नाही.

“मंजूर,” तोफवाले काकांनी जाहीर केलं.

इतक्या वर्षांत मंजूर झालेलं हे पहिलंच मरण. वातावरण भारावलं. आचारीकाकांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे टिपले आणि नट बरा आहे असा शेराही मारला. श्रेयनामावली संपल्यावर लेक बाबांच्या हातातला कप घ्यायला वाकली, आणि कप सुटेना.

बाबा गेले तेव्हा मरण कसं असतं हे जगाला वर्षानुवर्षं समजावून सांगणारे तीन तज्ज्ञ हाताच्या अंतरावर बसून समोर बघत होते. लेकही बघत होती. समोर एक नट मरत होता, आणि कबूल करायला हवं, तो जास्त उठून दिसत होता.

डॉक्टर आले. म्हणाले, हृदय, झोपेतच गेले असतील, काही कळलंही नसेल. पडद्यावरचे डॉक्टरही नेमकं हेच सांगतात, एवढाच या निदानातला दोष.

माणूस गेला की त्याच्या घरी आपोआप एक नवी समिती बसते. तिला नाव नसतं, अधिकार भरपूर असतात. मागे राहिलेल्याचं दुःख अस्सल आहे की नाही, हे पाहणं तिचं काम. इथे तिच्यावर मोठी आत्या, मावशी आणि समोरच्या दारातली शेजारीण होत्या. तिघींनीही आयुष्यात खरी दुःखं भोगलेली होती, पण ती त्या आपापल्या घरी ठेवून आल्या होत्या आणि निकष तेवढे सिनेमातले आणले होते: हंबरडा, भिंतीला पाठ घासत हळूहळू खाली बसणं, हातून भांडं सुटणं, फोटोशी संभाषण. लेकीच्या हातून भांडं सुटलं नाही. तिने सगळ्यांना चहा केला आणि बिनसाखरेचा कुणाला, असं विचारलं.

“साखरेचं विचारतेय,” मावशी आत्याच्या कानाशी लागली.

“शिकलेली आहे ना,” आत्या म्हणाली. ही आरोपीच्या बाजूने मांडलेली सबब होती.

शेजारणीचं मत वेगळं पडलं. तिच्या मते लेक आतून रडत होती. हे आतून रडण्याचं कलम फार सोयीचं आहे. त्याखाली कुणालाही सोडता येतं.

जाताना आत्याने लेकीच्या गालावरून हात फिरवला. “रडून घे ग. मोकळी होशील.”

“हो आत्या, बघते,” लेक म्हणाली, गळका नळ दुरुस्त करून घ्यायला सांगितल्यासारखी.

तिने खरोखरच बघितलं. न्हाणीघराचं दार लावून तिने नळ सोडला, कारण पडद्यावर आवाज ऐकू जाऊ नये म्हणून आधी नळ सोडतात आणि मग रडतात. नळ सोडला, बादली भरली. पाणी वाया जाऊ नये म्हणून तिने दोन चादरी धुऊन टाकल्या.

पुन्हा कामावर गेली त्या पहिल्याच दिवशी छापखान्यात तिच्या पुढ्यात एका वर्तमानपत्राचं जाहिरातींचं पान आलं. ‘दुःखद निधन’ हा मजकूर ती कामाला लागल्यापासून दुरुस्त करू पाहत होती. निधन सुखद असल्याची जाहिरात कुणी देत नाही, मग ‘दुःखद’ कशाला, असा तिचा मुद्दा होता, आणि लाल शाईने ती तो शब्द नेमाने काढत असे. या वेळी तिने तो राहू दिला. पानात जागा होती.

तिला हवं होतं ते मुळात रडू नव्हतंच. तिला एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे होतं: बाबांना दुखलं का? डॉक्टरांना उत्तर माहीत होतं, पण ते नंतर आले होते. मावशीला माहीत होतं: पुण्यवान माणूस, बसल्या जागी गेला. आत्या तर ‘सुटला’ म्हणाली. कशातून, ते तिने सांगितलं नाही. या विषयावर अधिकाराने बोलू शकतील अशी माणसं जगात तीनच होती, आणि ती यायची बंद झाली होती.

म्हणजे अगदी बंद नाही. दर रविवारी ठरल्या वेळी, इस्त्रीचे सदरे घालून तिघेही इमारतीच्या फाटकापर्यंत यायचे. आतल्या बाकावर बसायचे. तिसऱ्या मजल्याकडे एकदा बघायचे आणि एकमेकांना सावरत निघून जायचे. लेक स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघायची. एका रविवारी ती चपला अडकवून खाली उतरली.

“वर का येत नाही, काका?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“कुठल्या तोंडानं येऊ, पोरी,” आचारीकाका म्हणाले. “आम्ही तिथंच होतो. आणि समोर बघत होतो.”

“मी त्याला मंजूर का म्हणून विचारलं,” गाडीवाले काका म्हणाले. “तो गप्प राहिला. आणि मला आनंद झाला.”

तोफवाले काकांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. पण विषय कोणता चाललाय हे त्यांना कळलं होतं, आणि ते आपल्या बुटांकडे बघत होते.

लेक बाकाच्या कडेला बसली. “त्यांना दुखलं असेल का, काका? तुम्ही माणसं मरताना पाहिलीत.”

अशा वेळी काय म्हणायचं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अजिबात नाही, बाळ. फुलासारखा गेला. गाडीवाले काकांनी चष्मा काढून पुसला.

“माहीत नाही,” ते म्हणाले.

समितीच्या आजवरच्या कारभारात हे दोन शब्द प्रथमच उच्चारले गेले.

“मरणारे होते,” ते पुढे म्हणाले. “मागे, ट्रकमध्ये. मी पुढे बघत होतो. गाडी चालवायची होती ना.”

आचारीकाका म्हणाले, त्यांनाही बघायला मिळालं नाही. किती जणांचा स्वयंपाक कमी करायचा, एवढं फक्त त्यांना संध्याकाळी कळवलं जाई. मग इतकी वर्षं कशाच्या जोरावर माना हलवत होता, असं लेकीने विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं, की बिनतारीच्या जोरावर. बघितलं त्यानेही नव्हतं. त्याने ऐकलं होतं. पलीकडच्या ठाण्यावरचा एक जण यंत्रावर कसलासा साधा आकडा सांगता सांगता मध्येच थांबला. हा ओव्हर म्हणाला आणि वाट पाहत बसला. परत ओव्हर म्हणाला. त्याला तिथून उठवायला माणूस पाठवावा लागला.

“आम्हाला एकदाच बोलला,” आचारीकाका म्हणाले. “पुढे आम्ही विचारलं नाही.”

लेक ऐकत राहिली. डॉक्टरांपासून आत्यापर्यंत सगळ्यांना सगळं माहीत होतं. माहीत नसलेली माणसं तिला या सबंध प्रकरणात पहिल्यांदाच भेटत होती, आणि तिला त्यांच्याजवळ बसून राहावंसं वाटलं. मग ती उठली, तोफवाले काकांच्या कोपराला धरून त्यांनाही उठवलं, आणि समिती जिना चढून वर आली. मधल्या प्रत्येक मजल्यावर ती गुडघ्यांच्या कारणास्तव तहकूब झाली.

चित्रपट लावला. त्यातला ट्रक एका धक्क्यात चिखलातून निघाला. गाडीवाले काका काही बोलले नाहीत. पलटण न जेवता लढली आणि जिंकली. आचारीकाकांनी तेही पोटात घातलं. नायकाचा मित्र मेला. तो सावकाश, चारही विषय घेऊन मेला, आणि त्याला कुणी अडवलं नाही. बाबांची खुर्ची मोकळी होती. तिच्या शेजारी लेक होती.

पडदा काळा झाल्यावर गाडीवाले काका खाकरले. निकाल कुणी द्यायचा हा पेच होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि लेकीला विचारलं, “पोरी, तुला कसा वाटला?”

ती लहान असल्यापासून या खोलीत इतके युद्धपट पाहिले गेले, पण हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. बाबांनीही नाही. आणि आपण होऊन सांगावं असं तिला कधी सुचलं नव्हतं.

वाचक मघापासून ती केव्हा रडते याकडे डोळे लावून बसला आहे, हे लपून राहिलेलं नाही. (दुसऱ्या समितीत आत्याच्या शेजारची जागा त्याच्यासाठी धरून ठेवली आहे.) त्याच्या माहितीसाठी: मागे संगीत वाजत नव्हतं, बाहेर वीज कडाडली नाही, पंख्याचा मात्र आवाज येत होता. लेक हळू बोलली. म्हणून तोफवाले काकांनी “काय?” असं विचारलं, आणि तिला तेच पुन्हा, जिन्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणावं लागलं. वाक्य साधंच आहे. ज्याला या जागी याहून चांगलं वाक्य सुचत असेल, त्याचे वडील बहुधा अजून हयात असावेत. त्याने ते इथे न सुचवता घरी जाऊन म्हणावं.

“मला यातला एकही सिनेमा कधी आवडला नाही, काका. बाबांच्या शेजारी बसायला मिळायचं, म्हणून मी बसायचे.”