पंचेचाळीस पौंडांचा नियम

हरणाच्या शिकारीसाठी धनुष्य निवडणं अवघड असतं, असं लोक सांगतात. त्यात काही तथ्य नाही. एक वजाबाकी करावी लागते, आणि ती मला उत्तम येते. एप्रिलमध्ये मी ती विजेच्या बिलाच्या पाठीमागे केली, उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि त्या वजाबाकीच्या जोरावर ऑक्टोबर उजाडेपर्यंत तीन म्हाताऱ्यांची शिकार बुडवली.

बाबा मार्चमध्ये गेले. सरोवरावरचा बर्फ अजून फुटायचा होता. रानातल्या कॅम्पात त्यांची बसायची जागा होती, ओढ्याकाठी दोन देवदारांच्या मधोमध. पहिल्या ऑक्टोबरला तिथे मी बसणार, असं मी ओन्नीकाकांना फोनवर सांगितलं. ओन्नीकाका बाबांचे धाकटे भाऊ, वय वर्षं एकाहत्तर.

"बस की," काका म्हणाले. "पण नियम माहीत आहे ना? नाहीतर त्या जागेवर आर्वो केव्हापासून डोळा ठेवून आहे."

नियम कॅम्पाच्या दारावर बाबांनीच रंगवलेला होता. 'पंचेचाळीस पौंडांपेक्षा कमी जोराचं धनुष्य हरणावर चालवायचं नाही. ज्याचं भरणार नाही त्यानं स्वयंपाक करावा.' हरीण अर्धवट जखमी होऊन रानात भटकू नये, एवढाच त्यामागचा हेतू. बाबांचं अक्षर सरळ आणि मोठं होतं. तो नियम माझ्या हातून मोडला जाणार नव्हता. कोणाच्याच हातून मोडू द्यायचा नव्हता मला.

आता वजाबाकी. धनुष्यावर आकडा लिहिलेला असतो. दोरी अठ्ठावीस इंच मागे ओढली तर बोटांवर किती भार येईल, तो हा आकडा. पण अठ्ठावीस इंच ओढायला तसे लांब हात लागतात. माझे हात साडेपंचवीस इंचांवर संपतात, आणि इंचामागे साधारण तीन पौंड घटतात. बाबांच्या धनुष्यावर अठ्ठेचाळीस लिहिलेलं होतं. म्हणजे माझ्या हातात ते जेमतेम चाळीस. नापास. म्हणून मी पंचावन्नचं नवं मागवलं. माझ्या हातात साडेसत्तेचाळीस. वर अडीच पौंड शिल्लक.

"पंचावन्न?" काका म्हणाले. "इल्मी, तू ग्रंथालयात काम करतेस की खाणीत?"

"काका, मी त्यावर चार पुस्तकं वाचली आहेत."

"चारही एकदम उचलून बघ. मग बोलू."

धनुष्य मे महिन्यात आलं. मी अंगणात उभी राहिले, श्वास घेतला आणि दोरी ओढली. दोरी चार इंच आली आणि थांबली. मी थांबले नाही, त्यामुळे चष्मा गवतात जाऊन पडला.

पुढचे चार महिने मी कामावर जाण्याआधी आणि आल्यावर ते धनुष्य ओढत होते. बैल नांगराला जुंपतात तशी मी त्याला जुंपलेली होते. दोरी सुटली की डाव्या हाताच्या आतल्या बाजूला सणकन बसायची. जूनमध्ये तो हात कोपरापासून मनगटापर्यंत वांग्याच्या रंगाचा झाला होता. एकदा पुस्तकं परत करायला आलेल्या बाईंनी माझी बाही वर सरकलेली पाहिली. त्या काउंटरवर वाकून हळूच म्हणाल्या, "घरी कोण असतं तुझ्या?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

"तो निघून गेला का? बरं झालं."

मी काही सांगायच्या आत त्यांनी एका पुस्तकात मदतकेंद्राचा नंबर लिहिलेली चिठ्ठी सरकवली आणि माझा दुसरा हात घट्ट दाबला. तोही दुखत होता.

पण सप्टेंबरात धनुष्य वठणीवर आलं. दुपारच्या उन्हात, पातळ सदऱ्यात, आधी धनुष्य आभाळाकडे उचलायचं आणि मग सगळं अंग झोकून खाली आणताना ओढायचं, या पद्धतीनं दोरी गालापर्यंत यायला लागली. बाण पंधरा पावलांवरच्या गवताच्या गठ्ठ्यात बसायचे. मला रात्री झोप येईना. लहानपणी सहलीच्या आदल्या दिवशी व्हायचं तसं.

तीस सप्टेंबरच्या दुपारी आम्ही चौघं कॅम्पात जमलो. ओन्नीकाका, बाबांचे शाळेपासूनचे मित्र तौनो, बाबांच्या जागेवर डोळा ठेवून असलेला आर्वो आणि मी. कॉफी झाली, वेलदोड्याचा पाव झाला आणि धनुष्यं मोजायची वेळ आली. हे काम तीस वर्षं बाबा करत. तुळईला काटा टांगायचा, दोरी त्याच्या हुकात अडकवायची, धनुष्य खाली ओढायचं आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. किती खाली ओढायचं ते कळावं म्हणून बाबांनी अठ्ठावीस इंचांची एक काठी केली होती.

"आता हे काम शिकलेल्या माणसानं करावं," तौनो म्हणाले आणि काठी माझ्या हातात दिली.

मी काठी बाजूला ठेवली. पिशवीतून नवा डिजिटल काटा काढला. कपड्यांचे चिमटेही आणले होते.

"हे कशाला?" आर्वोनं विचारलं.

"काठीनं मोजणं चुकीचं आहे," मी म्हणाले. "सगळ्यांचे हात काही अठ्ठावीस इंच जात नाहीत. ज्याचा हात जिथवर जातो तिथवरच मोजायला हवं. तुम्ही नेहमीसारखा बाण ओढा, मी बाणाला चिमटा लावते, आणि मग तेवढंच काट्यावर ओढू."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती नजर मला तेव्हा कळायला हवी होती. मला वाटलं, माझ्या हुशारीनं चकित झाले.

"विल्हो काठीनंच मोजायचा," तौनो सावकाश म्हणाले. विल्हो म्हणजे बाबा.

"बाबांनी पुस्तकं वाचली नव्हती."

ओन्नीकाका आधी उभे राहिले. त्यांच्या धनुष्यावर पंचावन्न लिहिलेलं. त्यांनी ओढलं, खांदा कडकन वाजला आणि दोरी हनुवटीच्या बरीच अलीकडे थांबली. मी चिमटा लावला. तेवीस इंच. काट्यानं चाळीस दाखवले.

"चाळीस," मी मोठ्यानं म्हणाले, बाबांसारखं.

तौनो एकोणचाळीस. आर्वोच्या धनुष्यावर साठ होतं आणि गावात दर हिवाळ्यात त्या साठची चर्चा असायची. आर्वोचा हात बावीस इंचांवर संपला. बेचाळीस.

"बॅटरी उतरली असेल," आर्वो म्हणाला.

"बटाट्यांचं पोतं लावून बघू. दहा पौंडांचं आहे."

पोतं लावलं. काट्यानं बरोबर दहा दाखवले. आर्वो त्या बटाट्यांकडे असा बघत राहिला, जणू त्यांनी कोर्टात त्याच्याविरुद्ध साक्ष दिली होती.

"विल्होचंही लाव," तौनो खुंटीवरच्या बाबांच्या धनुष्याकडे बघत म्हणाले.

"किती इंचांवर? ते तर..."

"त्याचे बाण बघ."

मी बाबांचा भाता टेबलावर रिकामा केला. बाबा आपले बाण हातानं करत आणि आपल्या हाताच्या मापानंच कापत. टेबलावर तीन लांबीचे बाण होते. दोन अठ्ठावीस इंचांचे, त्यांचा लाल रंग विटून गेलेला. चार सव्वीसचे. आणि पाच चोवीसचे, नव्या रंगाचे. मी ते लांबीप्रमाणे लावले. लावायची गरज नव्हती, पण लावले.

चोवीसवर बाबांच्या धनुष्याचे छत्तीस भरले.

"बाबांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून?" मी विचारलं.

"त्याच्या कितीतरी आधीपासून," ओन्नीकाका म्हणाले. "काठी कशासाठी होती, पोरी?"

स्टोव्हवर कॉफी उकळून सांडली. ती पुसायला तिघंही एकदम उठले.

आता सांगायला हवं होतं, की जाऊ दे, काठीनंच मोजू. ते माझ्या ओठांवर आलंही होतं. पण आर्वोनं आधीच खुंटीवरचा एप्रन काढला होता.

"नियम म्हणजे नियम," तो म्हणाला. "विल्होनं स्वतः रंगवलाय. तुझं किती भरतं तेवढं सांग."

माझं साडेसत्तेचाळीस भरलं. बिलाच्या पाठीमागे लिहिलं होतं तेवढंच, अगदी बिनचूक. असा नको असलेला विजय मी आयुष्यात पाहिला नव्हता.

अशा रीतीनं दुसऱ्या दिवशी पहाटे कॅम्पातली एकमेव लायक शिकारी रानात निघाली आणि दीडशे वर्षांचा एकत्रित अनुभव दारात एप्रन बांधून उभा राहिला.

"वाऱ्याकडे तोंड ठेव," तौनो म्हणाले.

"खोकू नकोस," आर्वो म्हणाला.

"कॉफी जास्त पिऊ नकोस, तिथे झाडामागे जायची सोय नाही," काका म्हणाले.

मी देवदारांमध्ये बसले. बसल्यावर कळलं, की बाबांनी एका खोडाची साल पाठीच्या मापानं तासून घेतली होती. माझी पाठ त्यात बरोबर बसली. उजाडलं. ओढ्यावर धुकं होतं. एक तास गेला. दुसरा गेला. थंडी बुटांतून चढत गुडघ्यांपर्यंत आली, गुडघ्यांतून खांद्यांत, आणि तिथे तिनं बिऱ्हाड केलं.

तिसऱ्या तासाला हरीण आलं. आठ टोकांची शिंगं. ओढा ओलांडून, चरत चरत, चौदा पावलांवर येऊन आडवं उभं राहिलं. पुस्तकातल्या चित्रात उभं असतं तसंच. त्यानं मान खाली घातली. मी धनुष्य उचललं आणि ओढलं.

दोरी चार इंच आली आणि थांबली.

आभाळाकडे उचलून झोकात ओढायला वर जागा नव्हती, देवदाराची फांदी होती. मी पुन्हा ओढलं. सहा इंच. माझ्या तोंडातून बुचाची बाटली उघडताना येतो तसा आवाज आला. हरणानं मान वर केली. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मी लाल झाले होते, हात थरथरत होते आणि दात आवळलेले होते. हरीण रवंथ करत होतं. एक कान माझ्याकडे, एक ओढ्याकडे. मी तिसऱ्यांदा प्रयत्न केला. त्यानं तोही शेवटपर्यंत पाहिला, आणि मग अजिबात घाई न करता निघून गेलं.

कॅम्पाच्या खिडकीत तीन डोकी होती. मी आत पाऊल टाकायच्या आधीच प्रश्न आले.

"दिसलं का?"

"दिसलं. आठ टोकांचं. चौदा पावलं."

"मग?"

"बाण सोडला नाही मी," मी म्हणाले.

तौनोंनी टोपी काढली. ओन्नीकाका खिडकीकडे वळले आणि बराच वेळ नाक पुसत राहिले.

"चौदा पावलांवर," आर्वो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "त्याच्या जागेवर बसून. आणि जाऊ दिलंस. विल्होची पोर खरी." त्यानं मला हाताला धरून चुलीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि तिघांनी मिळून केलेल्या सुपातले सगळ्यात मोठे तुकडे माझ्या वाडग्यात घातले.

मी निम्मं सूप होईपर्यंत गप्प बसले. याची मला लाज वाटते. पण सूप गरम होतं आणि तिघं माझ्याकडे असे बघत होते, जसे लोक मार्चमध्ये बघत होते. शेवटी ते बघणंच मला सोसेना.

"मला ओढताच आलं नाही," मी म्हणाले.

"काय?"

"धनुष्य. ओढताच आलं नाही. तीनदा प्रयत्न केला. ते उभं राहून बघत होतं."

तौनोंच्या नाकातून कॉफी आली. आर्वो टेबलावर हात आपटत हसला आणि एप्रननंच डोळे पुसू लागला. काकांना खाली बसावं लागलं. मार्चपासून त्या तिघांपैकी कोणी माझ्यासमोर हसलं नव्हतं, आणि मीही नव्हते हसले.

"अंगणात सगळेच पैलवान असतात," तौनो दम घेत म्हणाले. "थंडीत तीन तास बसून, हळू, मुंगीलाही कळणार नाही असं ओढता येतं तो तुझा जोर. बाकी सगळे आकडे. बाणाचं पातं धारदार ठेव आणि हरणाला जवळ येऊ दे. विल्हो छत्तीस पौंडांनी पाडायचा ते काय मंत्र म्हणून? बारा पावलांवर येईपर्यंत दोरीला हात लावायचा नाही तो."

काकांनी खुंटीवरून बाबांचं धनुष्य काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

"माझ्या हातात हे चाळीस भरेल," मी म्हणाले. "नियम..."

"मोज," काका म्हणाले. "तुझा बाप मोजायचा तसं."

मी काठी घेतली. बाबांचं धनुष्य अठ्ठेचाळीस भरलं. काकांचं पंचावन्न, तौनोंचं पन्नास, आर्वोचं साठ. प्रत्येक आकडा मी मोठ्यानं सांगितला. नियम कोणीही मोडला नव्हता. अर्ध्या तासात कॅम्प रिकामा झाला.

साडेचारला ते हरीण परत आलं. तेच असावं. त्यानं थेट माझ्या झाडाकडे पाहिलं आणि जराही न घाबरता चरायला लागलं. सोळा पावलं. चौदा. मी थांबले. बारा. मग मी ओढलं, आणि दोरी गालापर्यंत आली. सरळ, हळू, कुठलाही आवाज न होता. मी ती तिथे धरून ठेवली. बाबांचं धनुष्य माझ्या हातात जराही थरथरत नव्हतं. मग बाण सोडला.

चार महिने जड धनुष्यानं सराव केला होता, त्या सवयीनं नेम खाली धरला गेला, बाण हरणाच्या पोटाखालून गेला आणि ओढ्याच्या चिखलात घुसला. हरणानं चिखलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते निघून गेलं.

मी परतले तेव्हा काका पायरीवर बसले होते. तौनो आणि आर्वो यायचे होते.

"लागला?"

"नाही."

"मग हसतेस कशाला?"

"ओढता आलं, काका."

"किती पावलं?"

"बारा."

काकांनी बुटांचा चिखल पायरीवर झटकला. "बारा पावलांवरून चुकलेल्या माणसानं भांडी घासायची असतात," ते मग म्हणाले.

"हा नियम कुठे लिहिलाय?"

"आत्ताच केला."

मी आत गेले. तीन स्वयंपाक्यांनी एका सुपासाठी कॅम्पातलं प्रत्येक भांडं खरकटं करून ठेवलं होतं, सौनातल्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातल्या, बादलीसकट. मी बाह्या वर सारल्या. खांदा मुळीच दुखत नव्हता.