आमचं घर चाललं!

घर बांधणं हे अजिबात अवघड काम नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. लोक उगाच पाया, विटा, वाळू करत बसतात आणि घर उभं राहीपर्यंत स्वतः वाकतात! मी फक्त एक फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाआधी माझं घर ट्रेलरवर बसून आलं. क्रेनवाल्याने ते अलगद उचललं, गावाबाहेरच्या आमच्या जागेवर सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलं, आणि हात झटकत निघूनही गेला.

निळा, लोखंडी, आगगाडीच्या डब्याएवढा कंटेनर! सात समुद्र हिंडून निवृत्त झालेला. मी त्याच्याकडे असा बघत राहिलो, की नवरदेवही नवरीकडे बघत नसेल.

बायकोने त्याच्याभोवती एक फेरी मारली. भोपळा घेताना मारतात तशी त्याला टिचकी मारली.

"अहो, याला खिडकी नाही."

"कापू!"

"स्वयंपाकघर?"

"करू!"

"आणि आईला काय सांगू?"

इथे मात्र मी खिशातून टेप काढून कंटेनर मोजायला लागलो.

सासूबाई एकट्या राहतात. तिसऱ्या मजल्यावर. गेल्या वर्षी त्यांना चांगला आठवडाभर ताप होता आणि आम्हाला ते कळलं शेजारणीकडून! तेव्हापासून बायकोच्या जिवाला घोर. आईने आपल्याकडे यावं म्हणून तिने विनवण्या केल्या, रुसून पाहिलं, रडून पाहिलं. सासूबाई हलायला तयार नाहीत. आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांना ठेवायचं तरी कुठे, म्हणून तर मी हा घराचा घाट घातला होता. आणि बातमी कळल्यावर त्या फोनवर काय म्हणाल्या? "डब्यात राहायला मी काय बिस्किट आहे?"

पण मी हार मानणारा माणूस नाही. मी विमा कंपनीत आहे. अपघात कसे होतात आणि ते कसे टाळायचे, हे मला झोपेतसुद्धा सांगता येतं! सुट्ट्या टाकून मी कामाला लागलो. भिंतींना आतून जाड कापूस, त्यावर प्लायवूड. जमिनीवर गुळगुळीत लाकडी फळ्या. एका टोकाला ओटा, दुसऱ्या टोकाला दोन खुर्च्या आणि एक कपाट. वीज यायची होती, तोवर बॅटरीचा दिवा टांगला. राहिल्या फक्त खिडक्या. त्या कुठे हव्यात हे सासूबाईंनी येऊन ठरवायचं, असा डाव मी टाकला. माणसाला खिडकी निवडायला दिली की घर आपोआप गळ्यात पडतं! सासूबाई "नुसती बघायला येते" म्हणाल्या. बायको इतकी खूश झाली, की तिने मला त्या दिवशी दोनदा "हुशार" म्हटलं.

एक बारीकशी अडचण होती. दाराचा बाहेरचा दांडा फार घट्ट होता. तो सरकवताना माझा खांदा आणि दांडा यांतलं आधी कोण निखळतं, अशी शर्यत लागायची. सासूबाई येणार त्याच्या आदल्या दिवशी, कंटेनर जिथून घेतला त्या यार्डात मी फोन लावला.

"नीट उघडत नाही हो! बदलून द्या."

यार्डाचा मॅनेजर भला माणूस. "बदलून देतो की. उद्या सकाळी माणसं पाठवतो. तुम्ही असाल ना तिथे?"

"मी कशाला हवा? कुलूप नाहीये. या, बदला आणि जा!"

"आत काही सामान?"

"असू दे. त्याची काही अडचण नाही!"

तो दोन क्षण थांबला. मग म्हणाला, "बरं. तुमची मर्जी."

तो दोन क्षण का थांबला, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं जमलो. मी, बायको, सासूबाई आणि वेल्डर. या वेल्डरला सगळा गाव 'ठिणगी' म्हणतो. कारण तो कामाला भिडला की ठिणग्या उडतात, आणि बोलायला लागला तरी उडतात! त्याची सगळी हत्यारं बाहेर त्याच्या टेम्पोत होती. हातात फक्त खडू आणि टेप. नव्या फळ्या खराब होऊ नयेत म्हणून मी सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. सासूबाईंना चाकांच्या खुर्चीवर बसवलं. ती मी ऑफिसच्या भंगारातून आणली होती. बायकोने थर्मासमधून चहा ओतला.

सासूबाईंनी चहूकडे बघितलं. "अंधार आहे."

"म्हणून तर खिडकी!" मी म्हटलं. "पण शांतता बघा! दार लावलं ना, तर बाहेर ढोल वाजले तरी आत ऐकू येणार नाहीत. थांबा, दाखवतोच!"

आणि मी दार आतून ओढून घेतलं.

खरंच, काय शांतता! चहाचा घोट घेतलेलाही ऐकू येत होता. मी विजयी मुद्रेने बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "खिडकी ओट्यासमोर हवी." सासूबाई म्हणाल्या, "मी आले तर ना! आणि खाली बसून खिडकीतून दिसणार काय? लोकांचे गुडघे!" ठिणगी म्हणाला, "ताई, तिथे कापलं तर पत्रा लचकेल." झालं! तिघांची जुंपली. ठिणगी खडूने चौकोन काढतोय, बायको पुसतेय, सासूबाई तिसरीकडेच बोट दाखवताहेत.

तेवढ्यात दाराकडून आवाज आला. खण्ण!

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"वारा," मी म्हटलं.

थोड्या वेळाने छतावर धप्‌ धप्‌ झालं.

"आता?"

"मांजर."

"मांजर बूट घालून फिरतंय?"

मी उत्तर देणार, इतक्यात जमीन हलली. अगदी हळू, पाळण्यासारखी.

"नवीन पाया आहे," मी ठामपणे म्हटलं. "बसतोय."

"अहो, बसतोय म्हणजे खाली जायला हवा! हा वर चाललाय!"

पाया वर गेला, मग जरासा डावीकडे कलला. कपाटाचं दार आपसूक उघडलं. ठिणगी खडूसकट भिंतीला चिकटला. आणि सासूबाईंची खुर्ची निघाली! हातात चहाचा कप, पाठ ताठ, चेहरा शांत. ओट्यापासून निघाल्या त्या थेट दुसऱ्या टोकाला जाऊन थांबल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "मी स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात आले. न उठता!"

"सोय आहे ना, आई?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मग कंटेनर उजवीकडे कलला आणि त्या परत स्वयंपाकघरात गेल्या. चहाचा एक थेंब सांडला नाही! मी मात्र जमीन पुसायच्या बादलीत बसलो होतो.

धाडकन एक हिसका बसला. खालून घरघर सुरू झाली. बायकोने माझ्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून ती माझ्याकडे पुष्कळदा बघत आली आहे, पण असं नाही.

"अहो, आपलं घर चाललंय."

आता तुम्हाला काय सांगू! आजवर मी चारचौघांत छाती फुगवून सांगत आलो, की घर मी चालवतो. आणि खरोखर घर चालवणारा माणूस पुढे केबिनमध्ये बसून गिअर बदलत होता!

मी धावत जाऊन दाराला खांदा लावला. दार ढिम्म! फोन काढला, तर लोखंडाच्या पेटीत सिग्नल कुठला? ठिणगीने टाहो फोडला, "माझा टेम्पो! माझी हत्यारं! साहेब, हा आपल्याला जहाजावर चढवणार! मला पोहता येत नाही हो!"

"जहाज बुडलं तरच पोहावं लागतं," सासूबाईंनी त्याला धीर दिला. "गप्प बस आणि चहा घे."

मग बायको हळूच म्हणाली, "काल यार्डात फोनवर नक्की काय बोललात?"

मी शब्दन्‌शब्द सांगितला. ती ऐकत गेली तशी तिची भुवई चढत गेली.

"पण यात 'दांडा' हा शब्द कुठे आहे?"

मी पुन्हा आठवून बघितलं. दांडा कुठेच नव्हता!

वळणं येत होती, खुर्ची जात-येत होती. शेवटी घरघर थांबली. मग पुन्हा पाळणा. या वेळी बराच वेळ वर, वर, आणखी वर. कुठेतरी लोखंडावर लोखंड बसलं आणि सगळं शांत झालं.

भिंतीत मीच भरलेला कापूस! ठोकून उपयोग नव्हता. फक्त दार उघड्या पत्र्याचं होतं. बायकोने थर्मास घेतला आणि दार बडवायला सुरुवात केली. मी ओरडत होतो, ठिणगी रडत होता, सासूबाई ताल बिघडला की सांगत होत्या. अखेर लांबून, खालून, एक घाबरलेला आवाज आला. यार्डाचा राखणदार.

"कोण आहे आत?"

"माणसं!" मी ओरडलो.

"माणसं कशी? हा रिकामा कंटेनर आहे!"

"अहो, मी माझ्या आईबरोबर चहा पीत बसलेय!" बायको कडाडली. "रिकामा काय म्हणता?"

बाहेर पळापळ झाली. शिड्या आल्या. दांडा करकरला, कुणाचा तरी खांदा कळवळला, आणि दार उघडलं.

आम्ही दोन मजले वर होतो. खाली दोन कंटेनर, त्यावर आमचं घर! मी उंबऱ्यावरून खाली बघितलं आणि ताबडतोब बसून घेतलं. शिडीच्या टोकाला मॅनेजर उभा होता.

"साहेब, तुम्हीच म्हणालात ना, बदलून द्या? आत काही असलं तरी चालेल म्हणून?"

त्याच्यामागून क्रेनवाला डोकावला. मी त्याच्यावर घसरलो, "अरे, दारात चार जोड चपला दिसल्या नाहीत तुला?"

"दिसल्या ना! नव्याकोऱ्या होत्या, म्हणून नीट बाजूला काढून ठेवल्या."

"आणि टेम्पो?"

"तो आडवा होता. ढकलून सावलीत लावला."

"मग चपलांचे मालक कुठे गेले, असं नाही वाटलं?"

"वाटलं, असतील कुठेतरी. लोकांच्या घरगुती गोष्टीत आपण कशाला पडा?"

बायको आता मॅनेजरकडे वळली. तिने नुसता पदर खोचला, तोच तो शिडीच्या दोन पायऱ्या खाली उतरला. "ताई, चूक झाली! तुमचं घर मी आजच परत पोचवतो. आणि बदली म्हणून तुमच्या जागेवर ठेवलेला नवा कंटेनरही तुम्हीच ठेवून घ्या. पण आवाज करू नका, तिकडे ऑफिसात मोठे साहेब बसलेत!"

या सगळ्या गदारोळात सासूबाईंकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी वळून बघितलं. त्या खुर्ची सरकवत अगदी उंबऱ्याशी येऊन बसल्या होत्या. समोर यार्डाच्या भिंतीपलीकडे खाडी पसरली होती. दोन बोटी सावकाश निघाल्या होत्या. वाऱ्याने त्यांचे पांढरे केस उडत होते.

बायको त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. "आई, घाबरलीस का गं?"

"घाबरले ना," सासूबाई म्हणाल्या. "पण काय आहे, एकटी असते तर जास्त घाबरले असते." मग त्यांनी बोटींकडे बोट दाखवलं. "जावईबापू, खिडकी या बाजूला काढा. आणि मला वरचा मजला हवा."

बायकोने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. ठिणगीने डोळे पुसत पुसत खडूने चौकोन काढला. तो कुणीही पुसला नाही.

आता आमचं घर दुमजली आहे. नवा कंटेनर खाली, त्यात आम्ही. जुना वर, त्यात सासूबाई. त्या उंचीवरून त्यांच्या खिडकीतून लांबवर तीच खाडी दिसते, आमच्या खिडकीतून लोकांचे गुडघे. दाराला आतून कडी मी स्वतः बसवली. सासूबाई सकाळी वरून हाक मारतात, बायको खालून ओ देते, आणि मधे मी जिन्यावर चहा घेऊन वर-खाली करत असतो. कुणी काही म्हणो, बेत माझाच यशस्वी झाला!

फक्त सासूबाईंनी ही हकिगत सगळ्या नातेवाइकांना जरा जास्तच रंगवून सांगितली आहे. परवा त्यांची धाकटी बहीण खास घर बघायला आली. मी हौसेने सगळं दाखवलं. कापूस, प्लायवूड, फळ्या, खिडक्या. मावशींनी मान डोलावली, त्या चाकांच्या खुर्चीत जाऊन बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरली, आणि बसूनच राहिल्या. चहा झाला, गप्पा झाल्या, दिवस कलला, तरी उठायचं नाव नाही!

शेवटी मी विचारलं, "मावशी, काही हवंय का?"

त्या लाजून म्हणाल्या, "नाही हो. म्हटलं, उचलतात कधी?"