दौलतआप्पांची वाघर

दौलतआप्पा गाडीतल्या माणसाशी बोलत नाहीत. ते गाडीशी बोलतात. आमच्या शिरूरच्या बाजारपेठेच्या तोंडाशी एखादी मोटार येऊन हॉर्न वाजवायला लागली, की आप्पा उठतात, बॉनेटवर हलकेच हात ठेवतात आणि म्हणतात, "ए ढवळ्या, कुठं निघालास? मागं फिर बाळा, हितं तुझा चारा न्हाई." आत बसलेला साहेब काच खाली करून ओरडत असतो. त्याच्याकडे आप्पा ढुंकूनही बघत नाहीत. मेंढराची समजूत काढताना त्याच्या अंगावरच्या गोचिडाशी कोण बोलतं, असा त्यांचा सवाल आहे.

आप्पा मूळचे निमोण्याकडचे. निम्मं आयुष्य मेंढरांमागे गेलं. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं, पावसाच्या तोंडाला परत यायचं. पुढे मेंढरं विकली, मुलगा सणसवाडीला कंपनीत लागला आणि त्याने आईवडिलांना आमच्या पेठेमागे दोन खोल्या घेऊन दिल्या. तिथे आप्पांना करायला काही उरलं नाही.

अशातच नगरपालिकेने प्रयोग म्हणून पेठ गाड्यांना बंद केली. सकाळी मालाचे टेम्पो येऊन जायचे, मग संध्याकाळपर्यंत फक्त पायी. आडवी एक दोरी बांधली होती. लोक उतरायचे, दोरी सोडायचे, गाडी आत घालायचे आणि वर ती परतही बांधायचे, इतके आपण शिस्तीचे. आप्पांनी समोरच्या टपरीवर चहा पीत हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी घरून वाघर आणली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. मेडिकलच्या खांबापासून विजेच्या खांबापर्यंत ती ताणून बांधली. त्यांची गाठ अशी, की शहाण्यासुरत्या माणसाला सोडवता येत नाही.

"आप्पा, तुम्हाला नेमलं कुणी?" मी विचारलं.

"कुत्र्याला कोण नेमतं व्हय आक्का? ते राखतंच की."

त्यांचं शास्त्र एकच. कळपातलं पुढचं मेंढरू फिरवलं, की मागची आपोआप फिरतात. त्यामुळे सकाळच्या पहिल्या गाडीवर ते सगळी ताकद लावतात. तिला समजावतात, चुचकारतात, प्रसंगी जिभेने "हुर्र" करतात. ती फिरली, की मागच्या चार गाड्या का कोण जाणे पण मुकाट फिरतात. मग आप्पा टपरीवर बसून उरलेला चहा पितात.

एकदा दौंडहून लग्नाच्या बस्त्याला एक कुटुंब आलं. पुढच्या सीटवर फेटेवाले आजोबा होते. "आम्ही दौंडहून आलोय!" ते गरजले. आप्पा गाडीला म्हणाले, "लांबनं आलास रं राजा, दमला असशील. जा, त्या लिंबाखाली बस." मंडळी चरफडत उतरली आणि चालत निघाली. वाटेत बायकांनी बांगड्या भरल्या, पोरांनी भेळ खाल्ली, आजोबांनी स्वतः नव्या चपला घेतल्या. आमच्या कापडाच्या दुकानात पोचेपर्यंत सगळ्यांचे हात भरलेले आणि चेहरे हसरे. माझा मुलगा सुनील मात्र कपाळाला हात लावून म्हणाला, "बघ आई, निम्मी खरेदी वाटेतच उरकली."

आता गाड्यांविषयी मी बोलावं म्हणजे विनोदच आहे. नवी सून असताना पेठेत मोटार चालवणारी पहिली बाई मीच. काळा चष्मा, केसांत अबोली, आणि अक्कल घरी. बाजाराच्या दिवशी मुद्दाम पेठेतून गाडी काढली. बघायला लोक हवेत ना! दोन हातगाड्यांच्या मधे अडकले. पुढे जाता येईना, आणि मागे घ्यायला मला शिकवलंच नव्हतं. मला वाटलं होतं, आपल्यासारख्या बाईला मागे कशाला जावं लागेल? शेवटी यजमान आले, तोवर मी चष्मा न काढता सरळ समोर बघत बसले होते. माझा समज, की चष्म्यामुळे मला कुणी ओळखलं नाही.

असो. प्रयोगाची मुदत संपत आली. पेठ बंद ठेवायची की उघडायची हे व्यापाऱ्यांनीच ठरवावं, असा निरोप आला. गिऱ्हाईक बायपासच्या दुकानांकडे चाललंय, म्हणून उघडावी असं म्हणणाऱ्यांत सुनीलचा आवाज सगळ्यात मोठा. आप्पा एकाएकी गप्प झाले. एका काळ्या जीपला त्यांनी "माघारी जा" एवढंच म्हटलं, बाळा नाही की राजा नाही.

का, ते मला पापडांमुळे कळलं. भर दुपारी गच्चीवर पापड उलटायला गेले, तर खाली सामसूम रस्त्यात मधोमध आप्पांची बायको ठकू चाललेली. काचबिंदूने तिची नजर पार गेलेली, पण हातात काठी नाही. दोन्ही हात हलवत, घाट चढायच्या चालीने चाललेली. आणि तिच्यामागे दहा हातांवर आप्पा! चपला हातात, पाय अनवाणी, तापलेल्या सिमेंटवर एकेक पाऊल उचलून टाकताहेत.

मी खाली धावले. ठकू पायरीशी थांबली.

"आक्का न्हवं? कुणाला सांगू नका बरं. ते म्हणत्यात, हात धरून नेतो. हात धराया मी काय नवी नवरी हाय? जलमभर चालले मी. हितं गाडी न्हाई, म्हणून येते. त्यांना वाटतं, मी निजलेय."

मागून आप्पांनी ओठांवर बोट ठेवलं. ज्याचा आवाज स्टँडपर्यंत जातो, त्या माणसाने!

संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "सांगून टाका ना, मी बरोबर असतो म्हणून."

"हात धरला की तिला वाटतं, आपुन आंधळे झालो. मोकळी चालली की न्हाई वाटत."

"आणि पेठ उघडली तर?"

त्यांनी वाघरीची एक घट्ट गाठ उगाच पुन्हा आवळली. "मग बसंल खोलीत."

मी सुनीलला म्हटलं, "तुमची सभा दुपारी ठेवा. गिऱ्हाईक नसतं. आपल्या दुकानासमोर सावली पडते, मी पन्हं करते." आईला अचानक एवढी माया का आली, याचा त्याला संशय यायला हवा होता, पण तो वडिलांवर गेलाय. खुर्च्या मी स्वतः मांडून घेतल्या, रस्त्याच्या अगदी मधोमध.

सुनील उभा राहून बोलत होता. "भावना ठीक आहे, पण गाडी आत आल्याशिवाय धंदा..." आणि थांबला. समोरून ठकू येत होती, हात हलवत, सरळ खुर्च्यांच्या रोखाने. मागे आप्पा, चपला हातात. सभा बघून त्यांचा एक पाय वरच राहिला.

सुनीलने आपली खुर्ची आवाज न करता उचलली आणि बाजूला झाला. मग मेडिकलवाल्याने. मग भांडीवाल्याने. बघता बघता पुढून मागेपर्यंत सगळी सभा दोन्हीकडे सरकली. एक खुर्ची तेवढी घासली. ठकू थबकली.

"कुणी हाय का?"

"मी आहे गं ठकू," मी म्हटलं. "ये, रस्ता मोकळा आहे."

"मोकळा हाय ते ठावं हाय आक्का. मागं त्यांना म्हणावं, चपला घाला. वाट लई तापलीया. रोज तळव्यांना खोबरेल लावत्यात, आन् मला सांगत्यात, गाड्या अडवून पाय दुखत्यात."

आप्पांनी चपला खाली टाकल्या आणि लहान पोरासारखं मुकाट घातल्या.

सुनीलचं ते वाक्य आजवर अर्धंच आहे. पेठ बंद राहिली. सकाळी वाघरीचं एक टोक आता तो बांधतो; आप्पा ती गाठ सोडून पुन्हा नीट बांधतात.

दोघं अजूनही बरोबर चालत नाहीत. पुढे ठकू, आणि दहा हात मागे चपलांचा फटक फटक आवाज. मी गच्चीवरून ऐकते. ती मधेच कुठे थांबते, मान वळवत नाही. आवाजही थांबतो. मग ती निघते.