ती इकायची न्हाई

शिरूर अनंतपाळच्या मारोती सोनकांबळेला तीन वर्षांपूर्वी बायकोने शेळी आणायला मुखेडच्या बाजाराला पाठवलं होतं, आणि तो बेसगिटार घेऊन परत आला. एवढ्यावरून माणूस कसा आहे ते लक्षात यावं. झालं असं की मुखेडला त्याच्या बहिणीच्या गल्लीत नांदेडचा एक ऑर्केस्ट्रा येऊन मोडला होता. गायक आणि मालक यांची जुंपली आणि जो तो आपलं सामान फुंकून मोकळा व्हायला लागला. मारोती शेळीच्या दावणीकडे निघाला होता तो तिथेच थबकला. चार जाड तारांची लालभडक गिटार आणि तिच्यासोबत आवाजाचा भलामोठा लाकडी डबा, पुढून काळं कापड, मागून चार स्क्रू. डब्यावर एक लाल दिवा होता, तो लागत नव्हता. शेळीचं राहूनच गेलं.

सिंधु, म्हणजे त्याची बायको, हिने शेळीसाठी अंगणात ठोकलेला खुंट उपटून ठेवला. गिटार दूध देत नाही हे तिला दिसत होतं आणि नवऱ्याच्या तोंडावरचा आनंदही दिसत होता.

तेव्हापासून मारोती गावातल्या समता गायन पार्टीत बेस वाजवायचा. ज्ञानोबा मामा पेटी घेऊन गायचे, भीमा ढोलकीवर. पार्टीला बेसची गरज होती की नाही हे कुणी विचारलं नाही, कारण मारोतीने विचारू दिलं नाही. एसटीत बसला की तो गिटारीचं अर्धं तिकीट काढायचा आणि तिला खिडकीशी बसवायचा. आणि हॉटेलात चहाचा कप हातात आला की त्याचं ठरलेलं पुराण सुरू व्हायचं. हैदराबादचा एक मोठा मास्तर गिटार मागत होता. नांदेडचा एक सरदारजी तर गाडी घेऊन दारात उभा राहिला होता. मारोतीने सगळ्यांना वाटेला लावलं. ऐकणाऱ्यांपैकी कुणी तो मास्तर पाहिला नव्हता की ती गाडी. खरं सांगायचं तर मारोतीनेही पाहिली नव्हती.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती आणि धड पाऊस न पडून दोन. विहिरी तळाला गेल्या, गावात टँकर यायला लागला, आणि सगळा गाव रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागला. मारोती दोन दिवस गेला. तिसऱ्या दिवशी त्याने बोटं पुढे करून दाखवली. ही बोटं खराब झाली तर वाजवायचं कसं, असा त्याचा सवाल होता. मग सिंधु एकटीच जाऊ लागली. टँकरच्या रांगेतही तीच, कारण ती वेळ मारोतीची तारा जुळवायची असायची.

दिवाळी झाली आणि घरातली जोंधळ्याची कणगी खडखडली, लेकरं अर्धपोटी झोपू लागली. सिंधुने एका संध्याकाळी नुसतं म्हणून पाहिलं की घरात काही जास्तीचं असेल तर ते काढावं लागेल. मारोती ताडकन उठून बसला.

"घरातलं काय बी इक," तो म्हणाला. "मी इचारनार न्हाई. पर गिटारीला हात लावायचा न्हाई. सांगून ठिवतो."

सिंधु म्हणाली, बरं.

दोन दिवसांनी मारोती मुखेडला बहिणीकडे गेला असताना सिंधुने गावातल्या संगप्पाला घरी बोलावलं. संगप्पाचं स्टँडजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि वर थोडी शेतीही. त्याने डब्याचे चार स्क्रू काढले, आतलं मशीन, स्पीकर, सगळं बाहेर काढून पोत्यात भरलं, बाहेरची बटणं आणि वायर खुपसायची जागा तेवढी राहू दिली, आणि त्याच्या बदल्यात अर्धं पोतं जोंधळा आणून दिला. गिटारीला कुणाचाही हात लागला नाही. सिंधु शब्दाला पक्की.

आता हा जोंधळा ठेवायचा कुठे? कणगीला उंदरांनी भोक पाडलेलं. आणि घरात धान्य आलंय हे कळलं की वाटी घेऊन येणाऱ्यांना नाही म्हणणं तिला जमत नसे. रिकामा डबा समोरच होता. तिने आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं, जोंधळा ओतला आणि विळ्याच्या टोकाने चारही स्क्रू परत आवळले. नवरा आला की शांतपणे सांगायचं असं तिने ठरवलं होतं.

पण मारोती आला तो घाईतच. त्याच संध्याकाळी साकोळला बारशाचा कार्यक्रम होता. डबा उचलून तो गेला आणि परत आला तो हवेत तरंगत. आजच्यासारखा आवाज आजवर लागला नव्हता, असं त्याचं म्हणणं. काय तो भरीवपणा, काय तो दम, पोटात जाऊन बसत होता. सिंधुची भाकरी तव्यावर करपली. आता याला काय सांगायचं आणि कोणत्या तोंडाने? ती गप्प राहिली. एकदा गप्प राहिलं की दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी अवघड होतं, हे ज्याने कधी काही लपवलंय त्याला ठाऊक आहे.

आपल्याला वाटेल, वाजवणाऱ्याला कळलं कसं नाही? तर त्याचं असं आहे. मारोती गिटार छातीशी घट्ट धरायचा, त्यामुळे तारांची थरथर त्याच्या बरगड्यांत उतरायची. शेजारी भीमाची ढोलकी धुम्म करायची, ती धुम्मही त्याला आपलीच वाटायची. घरी तारा जुळवायचा त्या वायर न लावता, नुसत्या कानाने. लाल दिवा तर पहिल्यापासूनच बंद होता. आणि ऐकणाऱ्यांचं म्हणाल तर बेस वाजतो तेव्हा तो कुणाला ऐकू येत नाही, मग तो बंद झालेला कुणाला कळावा?

उलट मारोतीने यातून एक शास्त्र काढलं. रोजगार हमीवर महिन्यातून एकदा, अमावास्या उलटली की धान्य मिळायचं आणि मारोती हॉटेलात गेला की सिंधु ते डब्यात ओतायची. तेव्हा डबा उचलायला जड लागायचा, आणि मारोतीला त्या दिवसांत आवाज भरदार वाटायचा. पुढे भाकऱ्या होत जायच्या, डबा हलका व्हायचा, तसा आवाज पोकळ. मारोतीने हॉटेलात जाहीर केलं की बेसचं चंद्राशी नातं आहे, अमावास्येला आवाज बसतो. भीमाने मान डोलावली. डबा उचलायला तोही असायचा, त्यालाही फरक जाणवला होता.

याच दिवसांत संगप्पाने तो स्पीकर ग्रामपंचायतीच्या कर्ण्याच्या जागी बसवून दिला होता. टँकर आला की त्यातून पुकारा व्हायचा, आणि पुकारा पार वेशीपलीकडे ऐकू जायचा. एकदा मारोती संगप्पाच्या दुकानासमोर थांबून म्हणाला, कुठला भंगार डबा बसवलास रे, आवाजात काही दमच नाही. संगप्पाने खाली मान घालून सोल्डरिंग चालू ठेवलं.

चैत्रात लातूरहून बोलावणं आलं. पाणी जपून वापरा हे गावोगाव गाऊन सांगायला जिल्ह्याच्या प्रचार खात्याला पार्टी हवी होती. वर्षभराचं काम, फिरायला जीप. ज्ञानोबा मामांनी धोतर धुवायला घरातलं पिण्याचं पाणी वापरलं, इतकी त्यांची आशा. मारोतीने त्यांना धीर दिला. लातूरच्या साहेबांनी बेस ऐकला की काम आपलंच, असं तो एसटीत खिडकीशी बसलेल्या गिटारीकडे बघत म्हणाला. धान्य वाटून चारच दिवस झाले होते, त्यामुळे डबा जड होता आणि मारोती खुशीत होता.

कचेरीच्या हॉलमध्ये तिघांनी गाणं म्हटलं. साहेब चष्मा पुसत ऐकत होते. गाणं त्यांना आवडलेलं दिसलं. मग ते म्हणाले, "छान. आता एकेक वाद्य वेगळं ऐकवा."

पेटी झाली. ढोलकी झाली. मारोती पुढे आला, त्याने डोळे मिटले आणि बोटं चालवली. हॉलमध्ये पंख्याची करकर ऐकू येत होती. त्याने जोर वाढवला. पंखा करकरतच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या शेजारी ढोलकी नव्हती. त्याने डोळे उघडले तेव्हा साहेब कान पुढे करून वाट बघत होते.

"सुरू केलंय ना?" साहेबांनी विचारलं.

मारोतीने वायर काढून घातली. बटण फिरवलं. मग ज्ञानोबा मामा म्हणाले की प्रवासात काहीतरी सैल झालं असेल, आणि त्यांनी डब्याच्या पुढच्या बाजूला एक थाप मारली. काळं कापड जुनं होतं, आतलं लुगडंही जुनं होतं. दोन्ही एकदम टरकन फाटलं, आणि साहेबांच्या टेबलापासून दारापर्यंत जोंधळा सांडत गेला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर मारोतीला बरं वाटलं असतं. साहेबांनी आधी जोंधळ्याकडे पाहिलं, मग चपला काढून बाजूला ठेवल्या आणि खाली बसून ओंजळीने दाणे गोळा करायला लागले. शिपाई बसला, बाहेर थांबलेल्या दुसऱ्या पार्टीची माणसं आत येऊन बसली. दुष्काळात दाण्यावर पाय कोण देणार? पंधरा-वीस माणसं गुडघ्यांवर रांगत होती आणि मध्यभागी मारोती गळ्यात गिटार अडकवून उभा. त्याला वाकताही येईना. लुगड्याचा काठ त्याने ओळखला होता. सिंधुचं होतं.

काम मिळालं. साहेब म्हणाले की पार्टीचा आवाज आहे तसाच ठेवा, त्यात काही कमी नाही. हे ऐकून मारोतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या एसटीत त्याने गिटारीचं तिकीट काढलं नाही. ती सीटखाली ठेवली आणि गोळा केलेल्या जोंधळ्याचं गाठोडं मांडीवर घेतलं. भीमा खिडकीतून बाहेर बघत होता. निलंग्याच्या फाट्यावर तो हळूच म्हणाला, "मग अमावास्येचं काय?" ज्ञानोबा मामांनी त्याला कोपर मारलं.

घरी सिंधुने गाठोडं पाहिलं आणि तिला सगळं समजलं. ती एवढंच म्हणाली की सांगणार होते, पण तुम्ही आवाजाचं इतकं कौतुक करत होता. मारोतीला तिच्याकडे बघवेना. पाच महिने तो ज्याला दम म्हणत होता तो तिने फोडलेल्या खडीचा जोंधळा होता, आणि त्याच्याच भाकऱ्या खाऊन तो तारा जुळवत बसला होता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती जेवताना घासागणिक वाढत गेली.

सकाळी उठून त्याने गिटार घेतली आणि सरळ संगप्पाचं दुकान गाठलं. ही घे, काय द्यायचं ते धान्य घरी पोचव, असं म्हणून त्याने ती काउंटरवर ठेवली. संगप्पाने तिला हात लावला नाही.

"वैनीला इचारलं का?"

"तिला काय इचारायचं? तिनं तर डबा इकला."

संगप्पाने स्टूल पुढे सरकवलं. "बसा. मी त्या दिशी डब्यासाटी आलतो व्हय? उदगीरच्या बँडवाल्याला गिटार पायजे व्हती. म्या वैनीला दोन पोती जोंधळा देतो म्हनलं. दोन. घरात दाना न्हवता, प्वारं रडायली व्हती. वैनी म्हनल्या, ती इकायची न्हाई. दुसरं काय लागंल ते न्या." त्याने गिटार उचलून मारोतीच्या हातात परत दिली. "मग म्या डबा उघडला."

मारोती स्टुलावर बसला. हैदराबादचा मास्तर, नांदेडचा सरदारजी, त्याने नाकारलेली सगळी माणसं त्याच्याच डोक्यातली. खरं गिऱ्हाईक दारात एकदाच आलं होतं, आणि त्याला नाही म्हणणारी बाई अर्ध्या पोत्यावर पाच महिने गप्प राहिली होती. त्याने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. संगप्पा रेडिओत डोकं घालून बसला, कारण अशा वेळी दुसरीकडे बघावं हे त्याला कळत होतं.

तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या स्पीकरमधून पुकारा झाला, टँकर आलाय, ज्याने त्याने आपली भांडी आणावीत. मारोतीने मान वर केली. इतका खणखणीत आणि खालून भरलेला आवाज त्याने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

"ह्यो माझाच हाय न्हवं?"

संगप्पाने होकार दिला.

मारोती घरी गेला. गिटार खुंटीला लावली, सिंधुच्या हातातल्या दोन्ही घागरी काढून घेतल्या आणि रांगेत जाऊन उभा राहिला. सगळ्या बायकाच होत्या, तोंडाला पदर लावून हसत होत्या. लातूरची बातमी त्याच्याआधी गावात पोचली होती. पुढे उभ्या असलेल्या विठाबाईने घागर कमरेवरून खाली ठेवली आणि साळसूदपणे विचारलं,

"काय मारोती, आता तरी इकतूस का गिटार?"

मारोतीने घागरी या हातातून त्या हातात घेतल्या. तीन वर्षांत हा प्रश्न त्याला खरोखर कुणी पहिल्यांदाच विचारला होता, आणि पाठ केलेलं उत्तर तयार होतं. पण ते त्याने बाजूला ठेवलं.

"घरात इचारून सांगतो," तो म्हणाला, आणि रांग एका घागरीने पुढे सरकली.