वामनभाऊ तोंड पाहत नाहीत

समस्त नेरकरांस, त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांस आणि नेरच्या स्टँडवर उतरणाऱ्या प्रत्येकास गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमचे शेजारी वामनभाऊ यांनी गेल्या बावीस वर्षांत एकाही माणसाच्या तोंडाकडे पाहिलेले नाही. त्यांनी नमस्कार केला नाही म्हणून कोणी रुसू नये. नमस्कार केलेला असतो, तुमच्या चपलांना.

वामनभाऊ एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर. गाडीतल्या कापसाचा पुंजका उपटायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, धागा डोळ्यांपुढे धरायचा आणि एकच शब्द उच्चारायचा. उत्तम कापूस असला की ‘सुपर’. हंगाम सरताना झाडावर उरलेला पिवळट, रोडका कापूस असला की ‘फरतड’. भाव ठरायचा तो त्या शब्दावर. पुढे पुढे ते अख्ख्या सृष्टीलाच ग्रेड देऊ लागले. गोदाकाकूंचे पोहे सुपर, आमच्या शाळेची घंटा फरतड, आषाढातला ढगसुद्धा ते मान तिरपी करून तपासत आणि म्हणत, “धागा नाही याच्यात.”

गोदाकाकू म्हणजे त्यांची बायको. त्या लग्नाची गोष्ट सांगतात. “अंतरपाट दूर झाला. मी लाजत लाजत वर पाह्यलं, तं हा माणूस अंतरपाटाचा काठ चिमटीत धरून उभा! भटजीले सांगून राह्यला, धागा आखूड हाय म्हणून! माहं तोंड यानं अजून पाह्यलं का नाही, देवालेच ठाऊक.”

मला ते चपलांवरून ओळखत. “मास्तर, डावी टाच झिजली तुमची,” हे आमचं शुभप्रभात. एकदा मी नवे बूट घालून माझ्याच दारात उभा होतो, तर बुटांना म्हणाले, “कोन पाह्यजे? मास्तर घरी नाहीत वाट्टे.”

ती वर्षं कापसाची वाईट होती. गाडी घेऊन आलेला माणूस कापसाकडे पाहतच नसे. तो पाही ग्रेडरच्या तोंडाकडे, टक लावून. आणि वामनभाऊ पाहत त्याच्या पायांकडे. मान खाली, चिमटीत पुंजका, तोंडात एक शब्द. जिनिंगमध्ये त्यांना सगळे दगड म्हणत.

अशात पुण्याहून सायली नावाची मुलगी आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत आली. कापसाचा भाव आणि प्रत सांगणारा एक स्क्रीन बाजारात बसवायचा होता. तो लोकांना कळतो की नाही, हे तिला आधी तपासायचं होतं. त्यासाठी तिच्याकडे एक यंत्र होतं. तुम्ही स्क्रीनकडे पाहायचं आणि यंत्र तुमच्या डोळ्यांकडे पाहणार. नजर जिथे थांबेल तिथे ठिपका उमटणार, जास्त थांबली तर मोठा ठिपका.

आता माझा गुन्हा. मी वामनभाऊंना सांगितलं, “पुण्याहून डोळ्यांची परीक्षा घ्यायला आले आहेत.” मला वाटलं, थोडी गंमत होईल. वामनभाऊ पांढरे पडले.

“नापास झालो तं शेठ मले गेटवर बसवन, मास्तर. डोळा गेला तं ग्रेडर कायचा?”

आठ दिवस त्यांनी गाजरं खाल्ली. परीक्षेच्या सकाळी डोळ्यांत गुलाबपाणी घातलं. गोदाकाकूंनी हातावर दहीसाखर ठेवली. सायलीने समजावलं, “काका, घाबरू नका. परीक्षा तुमची नाही, या स्क्रीनची आहे.”

वामनभाऊ तिच्या सँडलला म्हणाले, “समजते मले. मीबी गाडीवाल्याले हेच सांगतो. परीक्षा तुही नाही बाबू, कापसाची हाय. कोनाले पटते?”

आधी स्क्रीनवर नऊ ठिकाणी ठिपका सरकला, त्याच्यामागे नजर न्यायची होती. त्यांच्या आधी यंत्रापुढे बसलेल्या आम्हा सगळ्यांची नजर दोन-दोनदा घसरली होती. वामनभाऊंची पहिल्याच फेरीत जुळली. मग पान उघडलं. मधोमध कापसाचा फोटो, उजवीकडे फेटा बांधलेल्या हसऱ्या शेतकऱ्याचा, खाली ‘पुढे’ असं बटण. वामनभाऊंनी बटण चटकन दाबलं आणि वर निकालही दिला, “हा कापूस आपल्या भागातला नाही. कोनं टाकला हा?”

सायलीने सगळ्यांचे ठिपके शेजारी शेजारी मांडले. प्रत्येकाची नजर आधी त्या फेटेवाल्याच्या तोंडावर. माझा ठिपका तर त्याच्या नाकावर पोळीएवढा फुगला होता. ‘पुढे’ मला दिसलंच नव्हतं. आणि वामनभाऊंचे? कापसावर दाट झुंबड, बटणावर एक, आणि तोंडाच्या जागी काही नाही. वाटेत खड्डा दिसला की बैल वळसा घेतो, तशी त्यांची नजर फोटोच्या कडेकडेने गेली होती.

ती कोरी जागा वामनभाऊंनी बोटाने दाखवली. “इथं ठिपका नाही. नापास ना मी?”

“नाही हो काका! बटण सगळ्यांत लवकर तुम्हाला सापडलं. सगळ्यांत तेज नजर तुमची.”

वामनभाऊंनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद उडाले. मी कबुली द्यायला तोंड उघडलं, पण सायली अजून त्या कोऱ्या जागेकडेच पाहत होती. “पण काका, एवढा मोठा माणूस तुम्हाला दिसलाच नाही?”

निकाल लागला होता, जीव हलका झाला होता. त्या भरात बावीस वर्षांचं दगडपण विसरून वामनभाऊ तिच्या सँडलच्या बंदाला म्हणाले,

“दिसते न बाई! म्हणून तं पाहत नाही. एकदा तोंड पाह्यलं, का फरतडबी सुपर दिसते!”