फेब्रुवारीपर्यंतचे केस

मिलिंद वानखेडे नव्या माणसाशी बोलताना त्याच्या भुवयांच्या वर पाहतो. पुरुषांच्या टकलाचे सात टप्पे डॉक्टरांनी मानले आहेत आणि ते त्याला तोंडपाठ आहेत. पहिल्या भेटीत त्याने मला सांगितले, “तिसरा. पण मागूनही सुरुवात आहे.” नाव त्याने नंतर विचारले.

तो अकोल्याचा, मोहालीत सॉफ्टवेअरच्या नोकरीत. सेक्टर २२ मध्ये आम्ही एकाच घरात भाड्याने राहतो. तो पहिल्या मजल्यावर, मी गच्चीवरच्या खोलीत. तळमजल्यावर घरमालक भागवत काका आणि काकू. काका विद्यापीठातून निवृत्त झालेले. वानखेडेच्या हिशेबात ते सातव्या टप्प्यावर होते. “यांची फाइल बंद,” असे तो त्यांच्या तोंडावर म्हणे.

त्याचे स्वतःचे केस तिशीच्या आतच मागे सरकू लागले. पहिला संशय पाण्यावर. तो पिण्याच्या पाण्याचे कॅन मागवून डोके धुऊ लागला. चहा मात्र नळाच्या पाण्याचा करी. मग संशय हेल्मेटवर गेला. इथले पोलीस हेल्मेटशिवाय सोडत नाहीत, म्हणून त्याने स्कूटर विकली आणि बस धरली. पगडीवाल्या सहकाऱ्याला हेल्मेट माफ आहे, याचा त्याला हेवा वाटे.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्याने प्रसादाच्या रांगेतच एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंना गाठले. त्यांनी ताटावरून नजर न उचलता निदान केले. “घराण्यातून आलंय. पाणी आणि हेल्मेट दोघंही निर्दोष आहेत. औषधाचे थेंब लावा. सुरुवातीला जास्त गळतील, घाबरू नका. काही महिने धीर धरा. आणि बंद केलंत तर मिळालेलं पुन्हा जाईल.”

डोक्याचा मागचा भाग स्वतःला दिसत नाही. तिथे थेंब टाकायचे काम भागवत काकांनी आपणहून घेतले. रोज सकाळी वानखेडे पायरीवर मान खाली घालून बसे आणि काका वरून ड्रॉपर धरत.

“पीकपाणी काय म्हणतंय, वानखेडे?”

“हसून राहिले ना काका? कोंब आले आहेत. टॉर्च मारून पाहा.”

काका खरेच टॉर्च आणत, चष्मा पुसत, वाकून पाहत. “आहे काहीतरी. धूळही असू शकेल.”

“अहो, छळू नका त्याला,” काकू आतून म्हणत.

कोंब खरे होते. थंडी पडेपर्यंत पुढची जागाही भरू लागली. फेब्रुवारीअखेर त्याला अकोल्याला मुलगी पाहायला जायचे होते. आधीची दोन स्थळे फोटोवरूनच नाही म्हणाली होती. “या वेळी पक्का, यार,” तो मला म्हणाला.

जानेवारीत भागवत काका हृदयविकाराने गेले. मुलगा कॅनडात, धुक्याने विमाने अडकली होती. तो वेळेत पोहोचणार नाही, हे दुपारपर्यंत स्पष्ट झाले. मंडळाचे लोक दारात उभे होते. अग्नी कोण देणार, असे पंडितजींनी हिंदीत विचारले. देणाऱ्याला मुंडन करावे लागते, हेही सांगितले.

“मी देतो,” वानखेडे म्हणाला.

मंडळातल्या कोणीतरी पंडितजींच्या कानात अकोल्याचे सांगितले असावे. ते म्हणाले, “बेटा, एक लट काटने से भी हो जाता है जी.”

“नहीं जी. पूरे निकालिए.”

न्हाव्याने पूर्ण काढले.

स्मशानातून परतताना मी विचारले, “अकोल्याचं काय?”

“आत्ताचा फोटो पाठवला. असाच.”

“मग?”

“कळवतो म्हणाले.” थोडे चालून तो म्हणाला, “मुळं जात नाहीत तशी. येतात परत. फक्त तोपर्यंत येणार नाहीत.”

संध्याकाळी काकूंनी त्याला खाली बोलावले. त्यांच्या हातात काकांची लोकरी टोपी होती. “बोडक्या डोक्याला इथली थंडी सोसत नाही, मिलिंद. यांना फार लागायची.”

टोपी सैल होती. काकूंनी ती त्याच्या कानांवर ओढली, मागून नीट केली. तो मान खाली घालून उभा राहिला. टोपी नीट बसली होती, तरी काकूंनी हात काढला नाही, आणि त्यानेही मान वर केली नाही.